एक संगणक, दोन अँटिव्हायरस

घरच्या संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवले, म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. संगणक मंदावतो, साधी फाइल उघडायला वेळ लागतो, इशाऱ्यांचा गोंधळ होतो आणि कधी कधी तर एका अँटिव्हायरसने दिले असते तेवढेही संरक्षण मिळत नाही. तरीही दोन ठेवावेसे वाटण्यामागे एक खरे कारण आहे. कोणताही एक अँटिव्हायरस सगळे व्हायरस पकडू शकत नाही. प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही, हे अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिले. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसू शकते. त्यामुळे दुसऱ्या अँटिव्हायरसची मदत घेणे योग्यच आहे. ती कशी घ्यायची, हे मात्र समजून घ्यायला हवे.

दुसरा येतो कुठून?

बहुतेक घरांत दुसरा अँटिव्हायरस कोणी ठरवून बसवलेला नसतो. नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीनेच एखाद्या अँटिव्हायरसची ठरावीक मुदतीची मोफत आवृत्ती टाकलेली असते. नंतर ओळखीच्या दुकानदाराकडून वर्षभराची ‘की’ घेऊन दुसरा बसवला जातो. एखादा मोफत प्रोग्रॅम उतरवताना आधीच टिक केलेला चौकोन लक्षात आला नाही, की त्याच्यासोबत तिसराही येतो. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस तर असतोच.

अँटिव्हायरस विकत घेण्याची सवय जुन्या काळातली आहे. तेव्हा विंडोजसोबत अँटिव्हायरस मिळत नसे. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ सुरू केले आणि दुकानादुकानांतून ते घरोघरी पोहोचले. पुढे मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ मोफत दिले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजचाच भाग झाला. म्हणजे आजच्या विंडोज संगणकावर बाहेरून बसवलेला पहिला अँटिव्हायरसही खरे तर दुसरा असतो.

पहारा आणि झडती

अँटिव्हायरस दोन वेगळी कामे करतो. पहिले काम पहाऱ्याचे. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत उघडली जाणारी, कॉपी होणारी, इंटरनेटवरून उतरणारी प्रत्येक फाइल तो त्या क्षणी तपासतो. याला ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’ म्हणतात. दुसरे काम झडतीचे. वापरणाऱ्याने ‘स्कॅन’ हे बटण दाबले, की तो संपूर्ण डिस्क किंवा एखादा पेनड्राइव्ह तपासतो, निकाल दाखवतो आणि थांबतो.

झडती घेणारे प्रोग्रॅम संगणकावर कितीही असले, तरी एका वेळी एकच चालवला तर त्यांचे आपसांत बिनसत नाही. खरी अडचण होते ती दोन पहारे एकाच वेळी बसवल्यावर.

टक्कर कुठे होते?

पहाऱ्यासाठी अँटिव्हायरसला विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये, जागा घ्यावी लागते. कोणत्याही प्रोग्रॅमने फाइल मागितली, की ती मागणी डिस्कपर्यंत जाण्याआधी काही गाळण्यांतून जाते. या गाळण्यांना ‘फिल्टर ड्रायव्हर’ म्हणतात. कोणता फिल्टर कोणाच्या वर बसायचा, हे ठरवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट प्रत्येकाला क्रमांक देते. अँटिव्हायरससाठी त्यात ३,२०,००० पासूनचा पट्टा राखून ठेवलेला आहे. दोन अँटिव्हायरस असले, की दोघांचेही फिल्टर याच पट्ट्यात एकाखाली एक बसतात आणि प्रत्येक मागणी दोघांच्या हातांखालून जाते.

एका अँटिव्हायरसने तपासणीसाठी फाइल उघडली, की ते उघडणे दुसऱ्याला दिसू शकते. मग तोही तीच फाइल तपासायला घेतो. लग्नाच्या फोटोंचे फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करताना हे हजारो फाइलींच्या बाबतीत घडते. प्रोसेसर आणि मेमरी दोन्हींवर ताण पडतो, साध्या हार्ड डिस्कच्या जुन्या संगणकात तर काम जवळजवळ ठप्प होते. पहिला दुसऱ्याची आणि दुसरा पहिल्याची वाट पाहत राहिला, तर संगणक हँगच होतो.

प्रत्यक्ष व्हायरस सापडल्यावर काय होऊ शकते, हे एका निरुपद्रवी फाइलवरून कळते. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी फाइल अवघ्या ६८ अक्षरांची आहे. तिच्यात व्हायरस नाही, पण ती व्हायरससारखी पकडायची, असे अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी ठरवलेले आहे. दोन पहारे चालू असलेल्या संगणकावर ही फाइल डेस्कटॉपवर उतरवली, तर दोघेही तिच्यावर झडप घालतात. एक जण ती उचलून आपल्या ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे बंदिस्त कप्प्यात, नेऊ पाहतो, त्याच वेळी दुसऱ्याने ती तपासणीसाठी धरून ठेवलेली असते. मग एकाच्या चौकटीत ‘धोका दूर केला’ असे दिसते आणि दुसऱ्याच्या चौकटीत ‘फाइल काढता आली नाही’ असे. फाइल आहे की गेली, हे वापरणाऱ्याला कळत नाही. खऱ्या व्हायरसच्या वेळी हाच गोंधळ धोकादायक ठरतो, कारण असे इशारे वारंवार येऊ लागले की माणूस न वाचताच ते बंद करू लागतो.

दोन अँटिव्हायरस एकमेकांवर संशयही घेतात. अँटिव्हायरस दुसऱ्या प्रोग्रॅमच्या कामात डोकावतो, फाइली अडवतो, इंटरनेटवरची ये-जा तपासतो. व्हायरसही अशाच गोष्टी करतो. त्यामुळे एकाला दुसऱ्याचे वागणे किंवा त्याने साठवलेल्या फाइली संशयास्पद वाटू शकतात.

गाभ्यातली चूक किती महागात पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी आलेली एक सदोष फाइल गाभ्यात वाचली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तेथे दोष एकाच प्रोग्रॅमचा होता. घरच्या संगणकाच्या गाभ्यात असे दोन प्रोग्रॅम बसवले, की बिघाडाच्या जागाही वाढतात.

विंडोज काय सांभाळते, काय नाही

हा संघर्ष टाळण्यासाठी विंडोजमध्ये एक व्यवस्था आहे. बाहेरचा अँटिव्हायरस बसताना ‘विंडोज सिक्युरिटी’कडे आपली नोंद करतो आणि ती झाली की डिफेंडर आपला पहारा आपोआप थांबवतो. बाहेरचा अँटिव्हायरस काढला किंवा त्याची मुदत संपल्याची नोंद झाली, की डिफेंडर पुन्हा सुरू होतो. त्यामुळे डिफेंडर आणि बाहेरचा एक, ही जोडी सहसा भांडत नाही.

बाहेरचे दोन अँटिव्हायरस असतील, तर मात्र त्यांतला एक निवडून दुसरा बंद करण्याचे काम विंडोज करत नाही. काही अँटिव्हायरस आधीचा काढल्याशिवाय बसतच नाहीत. तसे सांगणारी सूचना आली, की ती अडचण न मानता तिचे ऐकावे.

सध्या पहाऱ्यावर कोण आहे, हे पाहणे सोपे आहे. स्टार्ट मेनूतून ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडावे, सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ निवडावे. तेथे अँटिव्हायरसच्या खाली चालू असलेले एकच नाव दिसायला हवे. मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचेच नाव अजून चालू दिसले, तर ती सर्वांत वाईट स्थिती समजावी. नव्या व्हायरसच्या खुणा त्याच्याकडे येणे थांबलेले असते आणि तो जागा मात्र अडवून बसतो.

दुसरे मत कसे घ्यावे?

आजारपणात दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे, पण दोघांची औषधे एकदम सुरू करू नयेत. संगणकालाही हेच लागू पडते. पहारा एकाचाच ठेवावा आणि शंका आली, की दुसऱ्याकडून झडती घ्यावी.

बाहेरचा अँटिव्हायरस असेल, तर दुसऱ्या मताची सोय विंडोजमध्येच आहे. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ या पानावर डिफेंडरच्या पर्यायांत ‘पिरिऑडिक स्कॅनिंग’ चालू केले, की डिफेंडर पहारा न देता अधूनमधून झडती घेतो. पहाऱ्यावर डिफेंडरच असेल, तर ‘ईसेट ऑनलाइन स्कॅनर’सारखे केवळ झडती घेणारे प्रोग्रॅम मोफत मिळतात. मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ही असाच आहे, तो उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून दर वेळी ताजा उतरवावा लागतो. ‘मालवेअरबाइट्स’ची मोफत आवृत्ती सुरुवातीचे काही दिवस सशुल्क आवृत्तीसारखी पहाराही देते, हे लक्षात ठेवून तिची सेटिंग्ज पाहून घ्यावीत. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरूनही संसर्ग काढण्याची साधने मोफत मिळतात. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले.

एखाद्याच फाइलबद्दल शंका असेल, तर ‘व्हायरसटोटल’ उपयोगी पडते. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली ही सेवा एकच फाइल डझनावारी अँटिव्हायरसकडून तपासून घेते. अनेक नजरांचा फायदा येथे संगणकावर भार न पडता मिळतो. मात्र तेथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना पाहता येते. आधार कार्ड, बँकेचे विवरण किंवा वैद्यकीय अहवाल तेथे कधीही चढवू नये.

‘तुमच्या संगणकात अमुक व्हायरस सापडले, लगेच हा अँटिव्हायरस घ्या’ अशी चौकट ब्राउझरमध्ये अचानक आली, तर तो कोणाचाही सल्ला नसतो, सापळा असतो. असे नकली अँटिव्हायरस पैसे उकळतात किंवा स्वतःच व्हायरस आणतात.

जास्तीचा कसा काढावा?

आधी कोणता ठेवायचा ते ठरवावे. मग सेटिंग्जमधील ‘अॅप्स’च्या यादीतून दुसरा काढावा आणि संगणक रीस्टार्ट करावा. फक्त डेस्कटॉपवरचे चिन्ह पुसून किंवा फोल्डर डिलीट करून अँटिव्हायरस जात नाही. त्याचे ड्रायव्हर गाभ्यात तसेच राहतात. काढल्यावरही अवशेष उरले, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर त्यासाठी खास साधन असते, ते वापरावे. नवा अँटिव्हायरस बसवायचा असेल, तर त्याची फाइल आधी उतरवून ठेवावी, इंटरनेट बंद करावे, जुना काढावा, रीस्टार्ट करून नवा बसवावा. शेवटी ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’मध्ये एकच नाव चालू असल्याची खात्री करावी.

संरक्षण खरोखर कशाने वाढते?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील लाखो संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो पसरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले होते, त्यांच्या संगणकांना त्या फटीतून धोका नव्हता. दुसऱ्या अँटिव्हायरसवर खर्च होणारा पैसा आणि वेळ म्हणूनच दोन गोष्टींना द्यावा. विंडोज व ब्राउझरची अपडेट पुढे न ढकलता लगेच घ्यावीत. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि प्रत घेऊन झाली की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, म्हणजे एकुलता एक अँटिव्हायरस चुकला तरी फाइली परत मिळवता येतात.