थकलेल्या बैलाची सोय

परळी वैजनाथाच्या पंचक्रोशींत व एकंदर बालाघाटाच्या माळावर दुष्काळ हा आतां पाहुणा राहिला नसून घरचाच माणूस झाला आहे. १९७२ सालचा दुष्काळ वडील मंडळी सांगतात. २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ हे तर आपण स्वतःच भोगले. २०१३ सालीं येथील औष्णिक वीज केंद्र पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें, आणि २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा सालीं माणसांच्या पाण्याची चर्चा होते, व ती झालीच पाहिजे. परंतु दावणीला उभा असलेला, यापुढें औत ओढूं न शकणारा बैल कोठें न्यावा, हा प्रश्न घरोघर हलक्या आवाजांत बोलला जातो; आणि त्याचें उत्तर न सांपडतां बाजाराच्या दिवशीं बैलाचा कासरा सोडला जातो. या प्रश्नाचा विचार सुकाळांतच करावा, एवढेंच सांगण्यासाठीं हा लेख आहे.

बैल नकोसा कां झाला

आपल्याकडील लाल कंधारी व देवणी बैल कामाला चिवट म्हणून प्रसिद्ध. एकेकाळीं बैलांच्या संख्येवरून घराची पत ठरत असे. पुढें नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि बैलाला वर्षांतून मोजकेच दिवस काम उरलें. त्याच सुमारास ज्वारीचें रान सोयाबीन व कापसानें घेतलें. ज्वारी गेली तिच्याबरोबर कडबाहि गेला; सोयाबीनच्या भुसकटानें पोट भरलें तरी अंग धरत नाहीं. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांमधील सात वर्षांत देशांतील नर गोवंशाची संख्या सुमारें ३० टक्क्यांनीं घटली, यावरून ही हकीकत एका जिल्ह्याची नव्हे हें दिसून येईल.

यांत कायद्याची भर पडली. पूर्वीं निकामी बैल पशुवैद्यकाच्या दाखल्यानें कत्तलीस देतां येत असे. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याची दुरुस्ती ४ मार्च २०१५ पासून अंमलांत आली व गाईप्रमाणेंच बैल आणि वळू यांच्या कत्तलीसहि बंदी झाली. उल्लंघनास पांच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा इष्ट कीं अनिष्ट हा येथें विषय नाहीं. कायदा आहे, तो पाळावयाचा आहे. परंतु पूर्वीं म्हाताऱ्या बैलाच्या किंमतींत पदरची भर घालून नवा गोऱ्हा घेतां येत असे, ती सोय बंद पडली, हें उघड आहे. त्यांतच व्यवहार वरचेवर खुंटले. २०१६ च्या नोव्हेंबरांत नोटा रद्द झाल्या आणि रोखीवर चालणारा गुरांचा बाजार ओस पडला. २०२० सालीं टाळेबंदीनें बाजार बंद झाले. २०२२ सालीं लंपी चर्मरोगामुळें पुन्हा बंद झाले. नेकनूर असो कीं हाळी-हंडरगुळी असो, बाजार भरत नाहीं तेव्हां विकणारालाहि मार्ग नाहीं व घेणारालाहि नाहीं.

परदेशचा दाखला

असेंच संकट अमेरिकेंत घोड्यांवर आलें. तेथील घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने २००७ सालीं बंद झाले. लगेच २००८ सालीं मोठी मंदी आली, लोकांचे रोजगार गेले, दाणा-गवत महाग झालें. हौसेनें पाळलेले घोडे विकावयास काढले, तर हलक्या प्रतीच्या घोड्यास गिऱ्हाईक मिळेना. अमेरिकन संसदेच्या लेखातपासणी कार्यालयानें २०११ सालीं या स्थितीचा अहवाल दिला. त्यांत हलक्या घोड्यांचे भाव पडल्याचें, हेळसांडीच्या व सोडून दिलेल्या घोड्यांच्या तक्रारी वाढल्याचें, आणि हजारों घोडे कत्तलीसाठीं कॅनडा व मेक्सिको देशांत जाऊं लागल्याचें नमूद आहे. घोडे सांभाळणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या जागाहि अपुऱ्या पडल्या. एक दार लावलें म्हणजे जनावराचें पोट लागत नाहीं. त्याच्यासाठीं दुसरें दार कोणीतरी उघडावें लागतें.

छावणीचा अनुभव

दुष्काळांत सरकार चारा छावण्या उघडतें. २०१९ सालीं आपल्या जिल्ह्यांत अशा शेंकडों छावण्या होत्या, आणि मोठ्या जनावरामागें रोज १०० रुपये व लहानामागें ५० रुपयेपर्यंत अनुदान मिळत होतें. त्या छावण्यांनीं असंख्य जनावरें वांचविलीं, यांत शंका नाहीं. प्रस्तुत लेखक त्या वेळीं महसूल खात्याच्या नोकरींत असून एका छावणीच्या नोंदवहीचें काम त्याजकडे होतें. पाऊस पडून छावणी उठली तेव्हां दुभत्या गाई-म्हशी पहिल्याच दिवशीं घरीं गेल्या. कामाचे बैल पाठोपाठ गेले. परंतु कांहीं थकलेल्या बैलांचे मालक बोलावणीं धाडूनहि लवकर आले नाहींत. नोंदवहींत त्यांचीं नांवें होतीं, अंगठे होते. फक्त माणसें नव्हतीं. छावणी ही मुदत वाढवून देते, निकाल लावीत नाहीं, हें त्या दिवशीं कळलें.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यांत आमच्या जोडींतील वडील बैल आम्हीं एका दलालास किरकोळ किंमतीस दिला. कोठें नेणार, हें विचारलें नाहीं. विचारलें असतें तर देतां आला नसता, म्हणूनच विचारलें नाहीं. त्या वर्षीं पोळ्यास एकच बैल सजविला. आईनें पुरणपोळीचा घांस भरवितांना दुसऱ्याचें नांव घेतलें आणि ती माझ्याकडे पाहूं लागली. मला उत्तर देतां आलें नाहीं. अकरा वर्षें त्यानें आमचें रान केलें होतें.

दहिवंडीचा कित्ता

आपल्याच जिल्ह्यांत शिरूर कासार तालुक्यांतील दहिवंडी गांवीं श्री. शब्बीर सय्यद यांनीं या प्रश्नाचें उत्तर आपल्या कृतीनें दिलें आहे. त्यांच्या घराण्याचा मूळ व्यवसाय खाटिकाचा. वडिलांनीं तो सोडून गुरें सांभाळण्यास आरंभ केला, आणि मुलानें कोरडवाहू जमिनीच्या व शेणखताच्या उत्पन्नावर शंभराहून अधिक जनावरें जगविलीं. या कार्याबद्दल २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु पदवीपेक्षां त्यांची रीत अधिक ध्यानांत घेण्याजोगी आहे. ते बैल देतात तो शेतकऱ्यासच देतात, आणि कत्तलीस विकावयाचा नाहीं व काम होईनासें झालें म्हणजे परत आणून सोडावयाचा, अशी बोली करून देतात. बैलाच्या म्हातारपणाचा विचार त्याच्या तरुणपणींच, सौद्याच्या वेळींच होतो. आपण नेमकें याच्या उलट करतों.

काय करावें

पहिली गोष्ट, हिशेब. सुमारें ४०० किलो वजनाच्या बैलास रोज ८ ते १० किलो सुकी वैरण लागते. फाल्गुनापासून आषाढापर्यंतचे १५० दिवस धरले तर एका बैलास १२ ते १५ क्विंटल व जोडीस २४ ते ३० क्विंटल वैरण हवी. बसून असलेल्या बैलास थोडी कमी पुरते, व कुट्टी करून घातल्यास नासाडी वांचते. दिवाळीनंतर गंजी पाहून हा हिशेब मांडावा. वैरण कमी पडते असें दिसलें तर निर्णय त्याच महिन्यांत घ्यावा. अंगावर मांस आहे तोंवर जनावरास घेणारा मिळतो. बरगड्या दिसूं लागल्यावर केवळ दलाल मिळतो.

दुसरी गोष्ट, योग्य घर. जुळलेला परंतु अंगानें धड असा बैल जड नांगरटीस निरुपयोगी झाला तरी कोळपणीस, पेरणीस व हलक्या गाडीस कांहीं वर्षें चालतो. आपल्याच गांवांत दोन-चार एकरांचा असा शेतकरी असतो कीं ज्यास ट्रॅक्टरचें भाडें परवडत नाहीं व नवी जोडी घेण्याची ऐपत नाहीं. त्यास असा बैल फुकट किंवा नांवाच्या किंमतीवर द्यावा, व त्याबरोबर पहिल्या उन्हाळ्याची निम्मी वैरणहि द्यावी. रिकाम्या हातानें दिलेला बैल म्हणजे दान नव्हे, आपलें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणें होय.

तिसरी गोष्ट, लेख. दोन साक्षीदारांसमक्ष साधी चिठ्ठी करावी: बैल विकावयाचा नाहीं; सांभाळ न झाल्यास प्रथम मूळ मालकास कळवावें; मालकानें तो परत घ्यावा. कानांतील बारा आंकडी बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नांवें पशुवैद्यकीय दवाखान्यांत करून घ्यावी, लसी टोंचून घ्याव्या, आणि वाहनांतून दूर न्यावयाचा असल्यास पशुवैद्यकाचा दाखला जवळ ठेवावा. महसुली कामांत आयुष्य गेलेला मनुष्य एवढें खात्रीनें सांगूं शकतो कीं, तोंडी बोली पहिल्या उन्हाळ्यांत विरते. कागदावरची निदान आठवण तरी ठेवते.

चौथी गोष्ट, गोशाळा. जो बैल कोणत्याच कामाचा उरला नाहीं त्यास गोशाळेंत सोडणें भाग असतें. शासनानें २०१७ सालीं गोवर्धन गोवंश सेवा केंद्रांची योजना काढली, व २०२४ सालीं गोशाळांतील देशी गाईमागें रोज ५० रुपये देण्याचें ठरविलें. परंतु हा दुसरा निर्णय गाईंपुरता होता. म्हणून गोशाळेच्या दारांत बैल बांधून चालतें होऊं नये. अगोदर जाऊन जागा व पाणी पाहावें, आणि सुगी झाली म्हणजे दर वर्षीं शक्तीप्रमाणें कडबा पोंचवावा.

पांचवी गोष्ट एकच, व ती निषेधाची: बैल मोकाट सोडूं नये. तो शेजाऱ्याचें पीक खातो, मार खातो, रस्त्यावर वाहनाखालीं येतो. आणि त्याचें पातक कोणाच्या वहींत मांडलें जात नसलें तरी मालकाचें तें चुकत नाहीं.

संघास विनंति

एकट्या शेतकऱ्यानें घर शोधावयाचें म्हटलें तर तें कठीण जातें. आपल्या संघानें गांववार एक वही ठेवावी. तिच्या एका बाजूस बैल देऊं इच्छिणाऱ्यांचीं नांवें, बैलाचें वय व कामाची ताकद. दुसऱ्या बाजूस बैल हवा असलेल्यांचीं नांवें. प्रत्येक सभासदानें सुगींत कडब्याच्या थोड्या पेंढ्या द्याव्या, व त्या संघाच्या गंजींत राखून दुष्काळी सालीं अशा बैलांस पुरवाव्या. यास इमारत लागत नाहीं, सरकारी मंजुरी लागत नाहीं. एक वही, एक गंजी आणि तीं सांभाळणारा विश्वासू मनुष्य लागतो. वही लिहिण्याचें काम संघ सांगेल तर प्रस्तुत लेखक आनंदानें पत्करील. पहिल्या पानावर पहिलें नांव त्याचेंच असेल, कारण आमच्या गोठ्यांतील उरलेला बैल आतां थकला आहे, आणि या खेपेस तो कोठें जातो हें विचारून ठेवावयाचें आहे.