फोटो बघा, सिनेमा ओळखा

परभणी जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही रात्रीच्या वर्गाला गेलो होतो. धडा संपला. पाट्या भिंतीला टेकून ठेवल्या. तरी कोणी उठेना. मग एका मामांनी पिशवीतून पुठ्ठ्यात बांधलेले पाच-सहा जुने फोटो काढले. ते फोटो सिनेमाचे होते. मामांचे वडील एके काळी तंबूच्या सिनेमात दारावर तिकिटं फाडायच्या कामाला होते. खेळ बदलला की खराब झालेले फोटो टाकून देत. वडिलांनी ते उचलून घरी आणले आणि पेटीत जपले.

मामांनी एक फोटो दिव्याखाली धरला. खालची नावाची पट्टी अंगठ्यानं झाकली आणि म्हणाले, "सांगा बरं, कोणता खेळ?"

फोटोत कपाळी बुक्का लावलेला एक भला माणूस होता. गळ्यात माळ होती. एक जण म्हणाला, "ज्ञानोबा!" लगेच एक मावशी पुढं सरकल्या. "ज्ञानोबा कसा असंल? तो तर पोरसवदा. हा बाप्या संसारी दिसतोय. अन् मागं म्हैस बांधलीय, ती बघा की! तुकोबाच हाये हा."

अंगठा काढला. नाव निघालं, 'संत तुकाराम'.

मावशींनी चित्रपट पाहिला होता म्हणून ओळखलं, एवढंच नाही. त्यांनी पुरावा दिला. या खेळाची खरी गंमत तिथंच आहे. 'संत तुकाराम' हा बोलपट 1936 साली पुण्याच्या प्रभात कंपनीनं काढला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते आणि गौरी नावाची नटी जिजाई झाली होती. जिजाई आणि तिची म्हैस ज्यानं एकदा पाहिली, तो ती विसरत नाही. इटली देशातल्या व्हेनिस शहरी 1937 साली हा चित्रपट नावाजला गेला. म्हणजे देहूची म्हैस साता समुद्रापलीकडच्या लोकांनीही पाहिली!

आता हे फोटो येतात कुठून, ते सांगतो. पुष्कळांना वाटतं, सिनेमाच्या फितीतला तुकडा कापून तो मोठा करतात. तसं क्वचितच होई. बोलपटाच्या फितीवर एका सेकंदाला 24 चित्रं पुढं सरकत. एका फुटात 16 चित्रं, म्हणजे एका मिनिटाला 90 फूट फीत. अडीच तासांचा खेळ असेल तर 13,500 फूट फीत झाली. ती सरळ अंथरली तर चार किलोमीटरच्या वर जाईल, शेजारच्या गावापर्यंत! त्यातल्या चित्रांचा आकडा होतो 2 लाख 16 हजार. इतक्या चित्रांतून एखादं निवडावं, तर ते बारीक आणि हललेलं असायचं. म्हणून कंपनी एक वेगळा फोटोवाला ठेवी. प्रसंगाचं काम झालं की तो नटांना म्हणे, "आता तसंच उभं राहा." नट पुन्हा तसेच उभे राहत आणि हा आपल्या कॅमेऱ्यानं फोटो घेई. त्यामुळं कधी कधी फोटोत दिसतं ते पडद्यावर दिसतच नाही. हात वेगळा असतो, मान वेगळी असते. कधी तो प्रसंगच पुढं कापलेला असतो. "फोटोत मारामारी होती, खेळात कुठं गेली?" म्हणून तंबूवाल्याशी भांडणाऱ्यांचा राग खरा असे, पण तंबूवाला खोटा नसे.

हे फोटो तंबूच्या दारापाशी फळीवर लावत. जत्रेत, उरुसात माणसं आधी त्या फळीपुढं जमायची. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याला तो फोटोच जाहिरात होता. फोटो पाहून खेळ ठरायचा, मग तिकीट.

ओळखायचं कसं? मुख्य नटाचा चेहरा कोणीही ओळखतो. त्यात मोठेपणा नाही. कसब असतं ते कडेच्या गोष्टीत. लुगडं कसं नेसलंय, दागिना कोणता, भिंतीवर घड्याळ आहे का, गाडी बैलाची की मोटारीची, हे बघावं. मामांनी दुसरा फोटो काढला. त्यात अनवाणी माणूस शहरात हातरिक्षा ओढत होता. त्या फोटोखाली उर्दूत नाव होतं. वर्गात कोणालाच ते वाचता येईना. दाराशी बसलेले एक चाचा उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी फोटो हातात घेतला, पण नाव वाचलं नाही. म्हणाले, "वाचून सांगितलं तर मजा काय? हा माणूस मूळचा शेतकरी हाये. पाय बगा त्याचे." तेवढ्यावर एका आजोबांनी ओळखलं, 'दो बिघा जमीन'. 1953 सालचा बिमल रॉय यांचा चित्रपट. दोन बिघे जमीन जमीनदाराच्या हातून वाचवायला शेतकरी कलकत्त्याला जातो आणि रिक्षा ओढतो. बलराज साहनी यांनी ते काम केलं. नाव निघाल्यावर आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी आपल्या घरचं गहाणखत कसं सुटलं, ते सगळं सांगितलं. त्यांच्या शेजाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या फोटोच्या वेळी जे झालं, ते आमच्या चांगलं लक्षात आहे. फोटोत जयश्री गडकर होत्या, नाचाच्या पोशाखात. वर्गात दोन भाऊ दोन टोकांना बसत. बांधावरून बोलणं बंद, चार वर्षं झाली होती. दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "सांगत्ये ऐका!" सगळे हसले. ते दोघे हसले नाहीत. पण धाकटा हळूच म्हणाला, "गाडी तू हाकत व्हतास." लहानपणी दोघे एकाच बैलगाडीतून तो खेळ पाहायला गेले होते. बांधाचं काय झालं, ते आम्ही विचारलं नाही. 'सांगत्ये ऐका' हा 1959 सालचा, अनंत माने यांचा. पुण्यात तो एकाच थिएटरात 131 आठवडे चालला.

या खेळात फसगतही पुष्कळ होते. जुन्यात जुना फोटो घ्या. 'राजा हरिश्चंद्र' हा दादासाहेब फाळके यांचा मूकपट 3 मे 1913 रोजी मुंबईत लोकांपुढं आला. त्यातली राणी तारामती बघून कोणी विचारील, ही नटी कोण? ती नटी नव्हेच! बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या, म्हणून अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं लुगडं नेसून ते काम केलं. तो आधी हॉटेलात आचारी होता. पुढं 1917 च्या 'लंकादहन'मध्ये रामही तोच झाला आणि सीताही तोच.

'सावकारी पाश'चंही असंच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हा चित्रपट दोनदा काढला, 1925 साली मुका आणि 1936 साली बोलका. फोटो हाती आला तर तो कोणता समजावा? त्यात तरुण शेतकरी म्हणून व्ही. शांताराम दिसले, तर तो 1925 चा. हा साधा खेळ वाटतो. पण त्या मुक्या चित्रपटाची फीत आता कुठंच नाही. राहिले असतील ते फोटो आणि लोकांच्या आठवणी.

असे किती चित्रपट गेले! आपल्या देशात सुमारे 1300 मूकपट निघाले. त्यांतले पुरे-अपुरे मिळूनही फार थोडे उरले आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईत लागला. त्याचीही फीत नाही, फोटो मात्र आहेत. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती गवताच्या गंजीसारखी भडकन पेटे. न पेटली तर वर्षांनी कुजे. शिवाय फितीत थोडी चांदी असते. ती काढून विकण्यासाठीही लोकांनी फिती वितळवल्या. 1964 साली पुण्यात सरकारनं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडलं. पी. के. नायर यांनी तिथं वर्षानुवर्षं खपून फिती, फोटो आणि गाण्यांची पुस्तकं गोळा केली. 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग हाती लागला, त्याबद्दलही जाणत्यांत वाद आहे. तो 1913 चा, की फाळक्यांनीच 1917 साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाचा? म्हणजे मोठमोठे विद्वानही आमच्या मामांचाच खेळ खेळतात. त्यांचा अंगठा जरा मोठा, इतकंच.

तुमच्या घरी पेटीत असा फोटो असेल तर तो भिंतीला डकवू नका. डिंक लागला की कागद गेला. पाठीवर मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. कोण आहे, कोणता खेळ, कुठल्या जत्रेत पाहिला. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो.

मामांच्या गठ्ठ्यातला शेवटचा फोटो कोणालाच ओळखता आला नाही. एक बाई दगडी जात्यापाशी बसली आहे आणि मागच्या दारातून कोणी आत येतं आहे. पट्टी फाटलेली. मावशी म्हणाल्या, "ही जनाबाई. 'संत जनाबाई' म्हणून खेळ आला व्हता, हंसा वाडकरचा." जनाबाई म्हणजे गंगाखेडची, आपल्याच जिल्ह्यातली. 1949 साली तसा चित्रपट निघाला होता, हे खरं. पण चाचांना पटेना. "जातं दिसलं की जनाबाईच कशी? जातं तर घरोघर व्हतं." आम्हीही बराच वेळ पाहिलं. चेहरा पुसट झालेला, काही सांगता येईना.

शेवटी मावशींनी पेन्सिल मागून घेतली. फोटोच्या पाठीवर त्यांनी एकेक अक्षर लावत लिहिलं, 'जनाबाई असंल'. चाचांनी त्याखाली उर्दूत आपलं मत लिहिलं. मामांनी फोटो पुठ्ठ्यात बांधला. पुढच्या बुधवारी ते गंगाखेडच्या एका म्हाताऱ्या बाईंना तो दाखवणार आहेत. त्या बाईंनी तंबूतला एकही खेळ सोडला नव्हता म्हणतात.