मॉली टटल

मॉली टटल (जन्म: १४ जानेवारी १९९३, कॅलिफोर्निया) ह्या अमेरिकन गिटारवादक, गायिका व गीतकार आहेत. ब्लूग्रास ह्या लोकसंगीतप्रकारातील आजच्या पिढीच्या प्रमुख कलाकारांत त्यांची गणना होते.

== सुरुवातीचे जीवन ==
त्यांचे वडील जॅक टटल हे संगीतशिक्षक आहेत. मॉली ह्यांनी आठव्या वर्षी गिटार हाती घेतली आणि किशोरवयातच वडिलांसोबत 'द ओल्ड ॲपल ट्री' हा संग्रह ध्वनिमुद्रित केला. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर त्या २०१५ मध्ये नॅशव्हिल येथे स्थायिक झाल्या.

== वादनशैली ==
ब्लूग्रासमध्ये गिटार प्रामुख्याने पिकने वाजवली जाते. ह्या पद्धतीला 'फ्लॅटपिकिंग' म्हणतात. तीत टटल निष्णात आहेतच. शिवाय नखांच्या पाठीने तारांवर वरून आघात करण्याची बँजोवरील 'क्लॉहॅमर' पद्धतही त्यांनी गिटारवर आणली. त्यामुळे एकाच वाद्यातून स्वर आणि ठेका दोन्ही ऐकू येतात. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटनेचा 'वर्षातील सर्वोत्तम गिटारवादक' हा पुरस्कार त्यांना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. पुढील वर्षीही तो त्यांनाच मिळाला.

== ध्वनिमुद्रणे व दौरे ==
'राइज' (२०१७) ह्या लघुसंग्रहानंतर 'व्हेन यू आर रेडी' (२०१९) हा त्यांचा पहिला पूर्ण स्वतंत्र संग्रह आला. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे कार्यक्रम थांबले. तेव्हा त्यांनी इतर कलाकारांची गाणी घरीच मुद्रित केली. निर्माते टोनी बर्ग लॉस एंजेलिसमध्ये राहून दूरस्थपणे काम पाहत होते.

'क्रुकेड ट्री' (२०२२) ह्या संग्रहाने त्या पुन्हा ब्लूग्रासकडे वळल्या. त्यानंतर 'गोल्डन हायवे' ह्या वाद्यवृंदासह त्यांनी दौरे केले. फिडल, मँडोलिन, बँजो आणि डबल बास ही त्यातील इतर वाद्ये होत. दौऱ्यांतून एकजीव झालेला हाच वृंद 'सिटी ऑफ गोल्ड' (२०२३) मध्ये ऐकू येतो. दोन्ही संग्रहांना सर्वोत्तम ब्लूग्रास संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. 'सो लाँग लिटल मिस सनशाइन' (२०२५) मध्ये त्यांनी पॉप संगीताकडे झुकणारी वाट धरली.

== ॲलोपेशिया ==
टटल ह्यांना तिसऱ्या वर्षी ॲलोपेशिया हा आजार झाला. ह्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच हल्ला करते. त्यांचे सर्व केस गेले. लहानपणी त्या टोपी व नंतर विग वापरत. आता काही कार्यक्रमांत त्या रंगमंचावर विग काढून गातात आणि आजाराबद्दल मोकळेपणाने बोलतात. 'क्रुकेड ट्री', म्हणजे वाकडे झाड, हे त्यांचे गीत वेगळेपणाचा स्वीकार करणारे आहे. सरळ झाडे लाकूडगिरणीत जातात, वाकडे मात्र रानात उभे राहते, अशी त्यामागील कल्पना आहे.