रात्री डॉक्टर नसताना

आमच्या निवासात राहणारी मंडळी कुष्ठरोगातून केव्हाच बरी झाली आहेत. बहुतेकांना हा रोग जडला तो १९८३ च्या अगोदर, म्हणजे बहुविध औषधोपचार आपल्या देशात सुरू होण्यापूर्वी. औषध हाती आले तोवर हातापायांची बोटे गेली होती आणि घरची दारे बंद झाली होती. ती आमच्याकडेच म्हातारी झाली. आता आम्हाला सांभाळावे लागतात ते मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची दुखणी.

भेटीला येणारी मंडळी विचारतात, "सिस्टर, रात्री कसे निभावता?" म्हणून पावसाळ्यातील एका रात्रीचे सांगते.

रात्रपाळीला आम्ही तिघे असतो: मी, एक मावशी आणि फाटकावरचे दादा. अडीचच्या फेरीला एका आजींची उशी घामाने भिजलेली मावशींना दिसली. हाक मारली, तर आजी नुसत्या कण्हल्या. मावशी आणि आजी दोघी पावरी बोलणाऱ्या. "झोपेतून उठवले की त्या मला शिव्या देतात, आज दिल्या नाहीत, तेव्हाच कळले," असे मावशी नंतर म्हणाल्या. नाडी-तापाच्या तक्त्यात ही गोष्ट कुठे लिहायची?

मावशींनी आजींना कुशीवर वळवले आणि तिथूनच मला मोठ्याने हाक मारली. रुग्णाला सोडून कोणी धावायचे नाही, हा आमचा पहिला नियम. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास अडायला फार वेळ लागत नाही.

साखर तपासायला बोटाला टोचतात. आजींना बोटेच नाहीत; थेंब कानाच्या पाळीतून घ्यावा लागतो आणि ऑक्सिजन मोजायचा चिमटाही कानालाच लावावा लागतो. साखर निघाली ३४. सत्तरच्या खाली गेली तरी ती कमी समजतात.

अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ते फुप्फुसात जाते. घरोघरी मायेपोटी नेमके हेच केले जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. डॉक्टरांनी फोनवर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून द्यायला सांगितले. मी ते मोठ्याने परत म्हटले. मावशींनी बाटली दिव्याखाली धरून नाव, टक्के आणि मुदतीची तारीख वाचून दाखवली, मगच मी ती लावायला घेतली. नव्या मुलींना हा पाढा वेळखाऊ वाटतो. मला तो कुठल्याही यंत्राहून मोलाचा वाटतो, कारण घाईत सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांची अदलाबदल सहज होते. आजींच्या व्रणांनी भरलेल्या हातावर शीर सापडेना. मावशींनी टॉर्च धरला, दुसऱ्या प्रयत्नात सुई बसली.

तोवर दादांनी १०८ ला फोन लावला होता आणि ते छत्री घेऊन वळणावर जाऊन उभे होते. पावसात गाडी ते वळण चुकते.

थोड्याच वेळात आजींनी डोळे उघडले. पंधरा मिनिटांनी साखर ११८. तरीही त्यांना रुग्णालयात पाठवले. त्या मधुमेहाच्या ज्या गोळीवर होत्या, ती मूत्रपिंड अशक्त असले की शरीरात रेंगाळते आणि साखर काही तासांनी पुन्हा खाली ओढते. चोवीस तास तरी नजरेखाली ठेवावे लागते. सोबत गोळ्यांची पाकिटे आणि वेळेनिशी लिहिलेला कागद दिला. पहाटे तिथे साखर पुन्हा उतरलीच, पण सलाईन चालू होते.

चौथ्या दिवशी आजी परतल्या. गोळी बदलली आहे. त्या संध्याकाळी त्यांनी गोळी घेतली होती, पण ताट अर्धे परत गेले होते. आता स्वयंपाकघरातील ताईही आमच्या पथकात आहेत: कोणाचे ताट उरले तर त्या फळ्यावर नाव लिहितात आणि रात्रपाळीवाली आधी तो फळा वाचते.