संधिज्वरजन्य हृद्‌विकार

संधिज्वरजन्य हृद्‌विकार : घशात स्ट्रेप्टोकॉकस या मालागोलाणूंच्या अ गटाचा संसर्ग झाल्यानंतर काही मुलांना संधिज्वर होतो. त्यामुळे हृदयाच्या झडपांत जी कायमची विकृती उत्पन्न होते, तिला संधिज्वरजन्य हृद्‌विकार म्हणतात. संधिज्वर मुख्यत्वे ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींत आढळतो. घसा बरा झाल्यावर सु. २–३ आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघे, घोटे, कोपर यांसारखे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. ही सूज काही आठवड्यांत मागमूस न ठेवता ओसरते व मूल बरे झाले, असा घरच्यांचा समज होतो. हृदयातील शोथ मात्र झडपांवर व्रण ठेवून जातो.

जंतूंच्या आवरणातील काही प्रथिने व हृदयाच्या ऊतकांतील प्रथिने यांच्या रचनेत साम्य असल्यामुळे जंतूंविरुद्ध निर्माण झालेली प्रतिरक्षा शरीराच्या स्वतःच्या झडपांवरही आघात करते. संधिज्वर पुनःपुन्हा झाल्यास झडपांची दले जाड होतात व त्यांच्या कडा परस्परांस चिकटतात. डावे अलिंद व डावे निलय यांमधील द्विदल झडप सर्वांत जास्त वेळा बिघडते. ती अरुंद झाली की, रक्त फुप्फुसांत तुंबून दम लागतो. गर्भारपणात रक्ताचे आकारमान वाढत असल्याने तोवर लपून राहिलेला विकार पुष्कळदा त्याच काळात उघडकीस येतो. पाश्चात्त्य ग्रंथांत झडप अरुंद होण्यास दोन दशके लागतात, असे वर्णन असे. भारतात विशीच्या आतील मुलामुलींतही ती अतिशय अरुंद झालेली आढळते, हे सुजय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले.

प्रतिबंध : दाटीची वस्ती व दारिद्र्य यांच्याशी या रोगाचा निकट संबंध आहे. युरोप-अमेरिकेत राहणीमान सुधारताच, पेनिसिलीन उपलब्ध होण्यापूर्वीच, तो ओसरू लागला होता. तथापि औषधाने तो टाळता येतो, याचा पुरावा अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील वॉरेन हवाई तळावरच्या सैनिकांवर केलेल्या अभ्यासातून मिळाला. घशाच्या संसर्गावर पेनिसिलीन दिल्यास पुढचा संधिज्वर बहुतांशी टळतो, हे एफ्. डब्ल्यू. डेनी, एल्. डब्ल्यू. वानामेकर व सी. एच्. रॅमलकँप यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केले. लक्षणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत उपचार सुरू केले, तरी ते उपयोगी पडतात. अडचण अशी की, अनेक रुग्णांना घसा दुखल्याचे आठवतही नाही.

म्हणून ज्याला एकदा संधिज्वर होऊन गेला आहे, त्याला तो पुन्हा होऊ न देणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. यासाठी बेंझाथीन पेनिसिलिनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) स्नायूत दर ३ ते ४ आठवड्यांनी देतात. तेथून ते सावकाश रक्तात उतरत राहते. मात्रा लहान मुलांस ६ लाख व मोठ्यांस १२ लाख एकक असते. हृदयास इजा झालेली नसल्यास ५ वर्षे किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जो काल अधिक तितका, हा उपचार चालवतात. झडप बिघडलेली असल्यास तो बहुधा चाळिशीपर्यंत व प्रसंगी जन्मभर द्यावा लागतो.

औषध जुने व स्वस्त आहे. कठीण आहे ते त्याचे सातत्य. टोचणे दुखते, मूल तर धडधाकट दिसते, आणि दवाखान्याच्या प्रत्येक फेरीत पालकांचा रोजगार बुडतो. ऊसतोडणीसाठी निम्मे वर्ष गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मुलाचे नाव गावच्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत असून भागत नाही. पुढची मात्रा केव्हा द्यावयाची, हे लिहिलेले कार्ड त्याच्याबरोबर जावयास हवे. वावड्याच्या भीतीने काही डॉक्टरही हे अंतःक्षेपण टाळतात. खरी तीव्र प्रतिक्रिया विरळा असते. झडपेचा विकार तीव्र असलेल्या रुग्णांत टोचल्यानंतर घडलेल्या मृत्यूंपैकी अनेकांचे कारण वावडे नसून दुर्बल हृदयावर अकस्मात पडलेला ताण हे असावे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये नमूद केले व अशा रुग्णांस तोंडाने औषध देण्याचा सल्ला दिला. निरोगी दिसणाऱ्या मुलाला मात्र त्या भीतीपायी औषध नाकारणे अनाठायी ठरते.

श्राव्यातीत तरंगांच्या साहाय्याने झडपांतील सूक्ष्म बदल लक्षणांपूर्वीच दिसू लागल्यावर अशा मुलांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर पेनिसिलीन घेणाऱ्यांपैकी ०·८% मुलांत विकार वाढलेला आढळला; न घेणाऱ्यांत हे प्रमाण ८·२% होते.

उपचार : द्विदल झडप अरुंद होऊन अलिंदाचे स्पंदन अनियमित झाले म्हणजे त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका उद्‌भवतो. इतर रुग्णांत नवी गुठळीरोधक औषधे वॉरफरिनाइतकीच गुणकारी ठरली होती. परंतु त्या चाचण्यांतून या विकाराचे रुग्ण बहुधा वगळलेले असत. त्यांच्यावरच झालेल्या, २४ देशांतील ४,५०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत (२०२२) वॉरफरीन वर्गाच्या औषधाने रिव्हरोक्साबानपेक्षा मृत्यू कमी झाले. एका गटावरील निष्कर्ष दुसऱ्यास सरसकट लावू नये, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच.

चिकटलेली दले मोकळी करण्यासाठी जपानी शल्यविशारद कांजी इनोऊए यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेला फुगा मांडीच्या नीलेतून हृदयात नेऊन फुगवतात. छाती उघडावी लागत नसल्याने गर्भवती स्त्रीलाही हा उपाय करता येतो. दले फार कठीण झाली असल्यास झडप बदलावी लागते. कोणताही उपाय योजला, तरी पेनिसिलिनाची अंतःक्षेपणे त्यानंतरही चालू ठेवावी लागतात.