कसा आहे पिक्चर?

२०१३ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या माइन्झ शहरात काही रसायनशास्त्रज्ञांनी एका सिनेमागृहाच्या हवा बाहेर टाकणाऱ्या नळीला आपलं यंत्र जोडलं. माक्स प्लांक संस्थेची ही मंडळी. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. खाली बसलेले प्रेक्षक जो श्वास सोडतात त्यात काय काय असतं, हे ते यंत्र दर अर्ध्या मिनिटाला टिपत होतं. जेमतेम महिनाभर हे चाललं. १६ चित्रपट, १०८ खेळ, सुमारे साडेनऊ हजार प्रेक्षक.

मग आलेख काढले, आणि गंमत दिसली. ‘द हंगर गेम्स’च्या दुसऱ्या भागात नायिका जिवाच्या आकांताने झुंजते, तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन नावाचा एक वायू झटकन वर चढायचा. एखाद्या खेळाला चढला असता तर योगायोग म्हणता आलं असतं. पण दिवस वेगळा, माणसं वेगळी, तरी त्याच प्रसंगाला तोच चढ. आयसोप्रीन आपल्या स्नायूंत साठून राहतं आणि अंग हललं, आक्रसलं की श्वासावाटे बाहेर पडतं. प्रेक्षक दचकतो, खुर्चीच्या कडेवर येतो, नकळत श्वास धरतो आणि मग सोडतो. शेजारच्याला पत्ता नसतो, त्यालाही नसतो. छतातल्या नळीला कळतं.

म्हणजे ‘कसा आहे पिक्चर?’ असं कोणी विचारायच्या आधीच उत्तर देऊन झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन तारे देणारे समीक्षकही त्या हवेत आपला वाटा टाकून आलेले असतात. पुढे याच संशोधकांनी ११ चित्रपटांच्या १३५ खेळांची हवा तपासली आणि २०१८ मध्ये सुचवलं, की कोणत्या वयाच्या मुलांनी कोणता चित्रपट पाहावा हे ठरवताना आयसोप्रीनची मदत घेता येईल. आपल्या सेन्सॉर बोर्डाच्या हाती हे यंत्र लागलं तर, या कल्पनेनेच माझं आयसोप्रीन वाढतं.

यंत्र नव्हतं तेव्हाही ही नाडी ओळखणारी माणसं होती. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला. पहिल्या दिवसांत समीक्षकांनी झोडपला, धंद्यातल्या लोकांनी तो पडला म्हणून सांगून टाकलं. प्रेक्षक ना टाळ्या वाजवत होते ना शिट्ट्या. अमिताभचा जय मरतो म्हणून लोक नाराज असतील, त्याला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा का, इथपर्यंत बैठका झाल्या. त्या दिवसांतला एक किस्सा सांगितला जातो. वरळीच्या गीता सिनेमाच्या मालकांनी दिग्दर्शक रमेश सिप्पींना सांगितलं, काळजी करू नका, चित्रपट चालणार. कशावरून? तर इंटरव्हलमध्ये थंड पेयं आणि आइस्क्रीमची विक्री घसरली होती. लोक इतके सुन्न होऊन बसत होते, की उठून स्टॉलपर्यंत जातच नव्हते. पुढे मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षं चालला. मला या किश्शात सिप्पींपेक्षा तो मालक मोठा वाटतो. स्वतःच्या गल्ल्यातलं नुकसान पाहून चित्रपटाचा फायदा ओळखणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

अंगाने दिलेलं हे मत बाहेर पडताना तोंडात येतं, आणि तिथे पंचाईत सुरू होते. आपल्याकडे त्यासाठी ठरलेली नाणी आहेत. पैसा वसूल. टाइमपास आहे. फर्स्ट हाफ मस्त, सेकंड हाफ खेचलाय. गाणी नको होती. एकदा बघायला हरकत नाही, म्हणजे बघू नका. या वाक्यांनी ठीकठाक चित्रपटांचं छान भागतं. खरोखर हलवून सोडणाऱ्या चित्रपटापुढे मात्र ती तोकडी पडतात. २०१६ च्या एप्रिलअखेर ‘सैराट’ पाहून आलेली माणसं आठवा. गाण्यांबद्दल, आर्चीच्या बुलेटबद्दल भरभरून बोलायची, आणि नागराज मंजुळेंनी आवाज काढून घेतलेल्या त्या शेवटाशी आली की थांबायची. ‘शेवट… तू बघच.’

हे थांबणं शहाणपणाचंही असावं. कॅनडातल्या संशोधक सारा मूर यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की चित्रपटासारखा भावनेचा अनुभव ‘का आवडला’ हे सोडवून सांगायला लागलं, की त्या अनुभवाची धार बोथट होते. कारणं सापडली, कोडं सुटलं, आणि आनंद थोडा ओसरला. पण हा नियम दुसऱ्या बाजूनेही तितकाच चालतो. वाईट अनुभवाची कारणं मांडली की तोही बोचेनासा होतो. आता कळलं ना, फालतू चित्रपट पाहून आल्यावर घरी पोचेपर्यंत त्याच्या चिंधड्या उडवायला इतकी मजा का येते? तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, पण डोकं हलकं होतं. चांगल्या चित्रपटानंतर मात्र जी माणसं रिक्षात गप्प बसतात, त्यांना बोलतं करायला जाऊ नये.

बरं, मत तोंडातून निघालं तरी ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. ऑफिसातल्या एकाने ‘अप्रतिम’ म्हटलं की आपण तो चित्रपट टाळतो, आणि धाकटी मावशी नुसती ‘बरा आहे गं’ म्हणाली तरी लगेच तिकिटं काढतो. हा निव्वळ जिव्हाळा नाही. अमेरिकेतल्या डार्टमथमध्ये एकाच वर्गातल्या विद्यार्थ्यांना एमआरआय यंत्रात झोपवून निरनिराळ्या चित्रफितींचे तुकडे दाखवले गेले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. वर्गात कोण कोणाचा मित्र आहे हे आधीच विचारून ठेवलं होतं. तेच तुकडे पाहताना मित्रांच्या मेंदूंचे प्रतिसाद एकमेकांशी जास्त जुळत होते. मित्राच्या मित्राशी थोडे कमी, आणि ओळखीच्या साखळीत जो दूर, त्याच्याशी आणखी कमी. लक्ष कुठे खिळलं, कुठे भरकटलं, कुठे मन हललं, याची ठेवण मैत्रीबरोबर जुळत जात होती. सारखे असतो म्हणून मैत्री होते की मैत्रीमुळे सारखे होतो, ते या प्रयोगातून ठरत नाही. पण मावशीवरच्या आपल्या भरवशाला आधार मिळतो. ती चित्रपटाचं परीक्षण सांगत नसते. ‘तुला आवडेल’ असं ती सांगते, आणि त्यातला ‘तुला’ जगातल्या कुठल्याही समीक्षकाला लिहिता येत नाही.

आता हिशेबाकडे वळू. चित्रपटाची कमाई साधारण दर आठवड्याला घसरते, कारण ज्याने पाहिला तो सहसा पुन्हा तिकीट काढत नाही. समजा पहिल्या आठवड्यात १०० जणांनी पाहिला. त्यांच्यातल्या प्रत्येक दोघांनी मिळून एका नव्या माणसाला पाठवलं, तर दुसऱ्या आठवड्यात ५० येतील, तिसऱ्यात २५, आणि महिन्याभरात पोस्टर उतरेल. प्रत्येकाने एकाला पाठवलं तर गाडी सपाट धावेल. प्रत्येकाने एकाहून जास्त पाठवले, तर दुसरा आठवडा पहिल्यावर मात करेल. धंद्यातली माणसं याला माउथ पब्लिसिटी म्हणतात.

३० जून २०२३ ला केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. मधल्या वयाच्या आणि त्यापुढच्या सहा बहिणी, त्यांच्यातले जुने रुसवे, आणि मंगळागौरीची स्पर्धा. त्याच आठवड्यात हिंदीतला ‘सत्यप्रेम की कथा’ही लागला होता. मराठी चित्रपटाने अशा वेळी चार दिवस टिकावं एवढीच अपेक्षा असते. याने पहिल्या आठवड्यात साधारण साडेबारा कोटी मिळवले आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या जवळपास दुप्पट. वरच्या हिशेबात हे कसं बसतं, ते सिनेमागृहाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की दिसायचं. एकटीदुकटी बाई तिकीट काढतच नव्हती. भिशीचा गट येत होता, सोसायटीचं महिला मंडळ येत होतं, नऊवारी, नथ आणि काळा गॉगल लावून फोटो काढत होतं. चित्रपट संपल्यावर पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत फुगड्या होत होत्या. त्यातली प्रत्येक बाई एकाच वेळी चार गटांत होती: एक माहेरचा, एक सासरचा, एक शाळेतल्या मैत्रिणींचा, एक ऑफिसचा. एका गटाबरोबर पाहिला, आणि घरी पोचेपर्यंत उरलेल्या तीन व्हॉट्सॲप गटांवर फोटो पडलेले. बरं, ‘पाहिला की मोजणीतून गेली’ हा नियमही या बायकांनी पाळला नाही. जाऊबाईंना घेऊन पुन्हा आल्या, आईला घेऊन तिसऱ्यांदा. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ने अशाच बायकांच्या जोरावर उच्चांक केले होते, तेव्हा मोबाइल नव्हता. नळावर, बसमध्ये आणि ओटीवर बसून काम भागत होतं.

पण लोक सांगितल्याने आले, की गर्दी पाहून आले? हे दोन्ही वेगळं काढायचं कसं? अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेत्ती यांनी यासाठी लढवलेली शक्कल मला फार आवडते. १९८२ ते २००० या काळात अमेरिकेत लागलेले चित्रपट त्यांनी घेतले. एखादा चित्रपट किती पडद्यांवर लागला, म्हणजे तो किती चालेल असा थिएटरवाल्यांचा अंदाज होता, असं मानलं. त्या अंदाजापेक्षा पहिल्या शनिवार-रविवारी जास्त गर्दी झाली, तर प्रेक्षकांना सुखद धक्का बसला. कमी झाली तर वाईट धक्का. सुखद धक्क्याचे चित्रपट पुढच्या आठवड्यांत हळूहळू घसरत गेले, वाईट धक्क्याचे कोसळले. मालिकेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांच्या बाबतीत हा परिणाम कमी दिसला, कारण तिथे काय मिळणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक. ज्यांचा मित्रपरिवार मोठा, त्या तरुण प्रेक्षकांच्या चित्रपटांत तो जास्त दिसला. मोरेत्तींच्या मोजमापानुसार सुखद धक्का देणाऱ्या सर्वसाधारण चित्रपटाच्या विक्रीतला ३२ टक्के वाटा या एकमेकांकडून कळण्याचा होता.

मग त्यांनी हवामानाची नोंद काढली. पहिल्याच शनिवार-रविवारी हवा खराब होती म्हणून लोक घरी बसले, तर थिएटर रिकामं राहिलं तरी चित्रपट वाईट आहे असं त्यातून काही कळत नाही. लोक नुसत्या गर्दीमागे धावत असते, तर या रिकाम्या थिएटरांनी पुढचे आठवडेही बुडवले असते. तसं झालं नाही. हवेमुळे कमी झालेल्या गर्दीचा पुढच्या विक्रीवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे प्रेक्षक शेजारच्या रिकाम्या खुर्च्या मोजत नाही, पाहून आलेल्या माणसाचं ऐकतो. जुलैत चित्रपट लावणाऱ्या मराठी निर्मात्याने हा निबंध चौकटीत बसवून भिंतीवर लावावा.

पूर्वी हे ऐकायचीही गरज नसायची. एकपडदा थिएटरात तीनचा खेळ सुटायचा तेव्हा सहाच्या खेळाची गर्दी दाराशीच उभी असे. आतून येणाऱ्यांचे चेहरे बाहेरचे वाचत. डोळे पुसत येणाऱ्या बायका, आवाज चढवून बोलणारी पोरं, की रुमालाने नुसता घाम टिपत भराभर पार्किंगकडे निघालेले बाप्ये. एखादा ओरडून विचारायचा, ‘कसाय?’ आणि आतला हाताचा पंजा उलटा करून हलवायचा. इंटरव्हलला बाहेर पडलेला डोअरकीपरसुद्धा खासगीत खरं सांगायचा. मल्टिप्लेक्सने ही सोय काढून घेतली. तिथे खेळ संपला की प्रेक्षकांना मागच्या दाराने, लांबलचक बोळातून, थेट लिफ्टपाशी सोडतात. आत जाणारा आणि बाहेर येणारा यांची गाठच पडत नाही. मला ही योजना धूर्त वाटते, पण ती बहुधा झाडलोटीच्या सोयीसाठी असावी.

त्या दाराची जागा आता कॅमेऱ्याने घेतली आहे. पहिला खेळ सुटायच्या आत माइक घेऊन पोरं उभी असतात, आणि त्यांच्यापुढे उड्या मारणारे काही ‘प्रेक्षक’ दर शुक्रवारी वेगवेगळ्या चित्रपटांवर तितकेच खूश दिसतात. गठ्ठ्याने तिकिटं विकत घेऊन हाउसफुल्ल दाखवण्याची चाल आहे, तशीच ठरवून शिव्या घालण्याचीही आहे. केरळमध्ये हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने नेमलेल्या सल्लागाराने २०२४ मध्ये सुचवलं, की चित्रपट लागल्यापासून ४८ तास व्हिडिओ परीक्षणं करणाऱ्यांनी थांबावं. निर्मात्यांची धास्ती समजते. तरी ४८ तासांच्या या अटीत मावशीचं तोंड बंद होत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

शुक्रवार विकत घेता येतो, ओढूनताणून रविवारही. सोमवारी दुपारी बाराच्या खेळाला मात्र सुट्टी नसते, नट येत नाही, माइकवाली पोरं पुढच्या चित्रपटाच्या तयारीला लागलेली असतात. व्यवस्थापक त्या खेळाची तिकिटं मोजतो आणि बुधवारी-गुरुवारी ठरवतो, पुढच्या शुक्रवारी या चित्रपटाला सहाचा खेळ द्यायचा की सकाळी दहाचा. त्या दुपारी जी चाळीस-पन्नास माणसं कामधाम सोडून आत बसलेली असतात, त्यांच्यातल्या कोणालाही विचारा. ‘पोस्टर पाहून आलो’ असं क्वचितच कोणी म्हणेल. नाव सांगतील: वहिनीचं, मित्राचं, कटिंगवाल्याचं.