पारख दप्तरात शिरते तेव्हा

मुंबईच्या क्रिकेट संघाने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, त्याचे श्रेय आपण खेळाडूंना मुक्तकंठाने देतो. परंतु कांगा लीगच्या भर पावसाळ्यात, ओल्या मैदानांच्या कडेला तासन्‌तास उभे राहून कोवळ्या पोरांतून उद्याचा फलंदाज हेरणाऱ्यांचे स्मरण क्वचितच कोणाला होते.

ती नजर कशी चालते, हे मला माजलगावी, काळ्या मातीवर अंथरलेल्या मॅटिंगपाशी पाहावयास मिळाले. निवडचाचणीस आलेला एक मुलगा लागोपाठ तीन चेंडू हुकून चौथ्यावर त्रिफळाबाद झाला आणि तरुण सहायक त्याच्या नावावर काट मारणार, तोच लिंबाखाली बसलेले वृद्ध निवडकर्ते म्हणाले, "थांबा. बॅट उशिरा येते, ते शिकवता येईल. पण चेंडू आखूड पडणार हे त्याच्या मागच्या पायाला आधी कळतंय, ते कुठून शिकवणार?" मुलाला पुन्हा पॅड बांधावे लागले.

पुढे त्यांनी निवडलेल्या मुलांनी नाव काढले. शाली आल्या, शिफारशींची रीघ लागली, गावोगावचे हिंडणे थांबले, आणि ज्या नोंदी पूर्वी नजरेला साक्षीपुरत्या असत, त्यांचाच अंमल सुरू झाला. गतवर्षीच्या धावांचे रजिस्टर उघडून ठराविक आकड्याखालची नावे खारीज करण्याचा कारभार त्याच मैदानावर पाहताना मन विषण्ण झाले. कारण त्यात लबाडी कोणाचीच नव्हती, होता तो केवळ पूर्वीच्या यशावरचा निःशंक विश्वास.

शिवाय यशस्वी माणसाची रीत फार काळ त्याची एकट्याची राहत नाही. अमेरिकेतील सॅन अँटोनिओच्या बास्केटबॉल संघाने 1999 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सत्तावन्नाव्या क्रमांकावर अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली घेतला, तेव्हा परदेशी मुलांकडे फारसे कोणी पाहत नव्हते. पुढे ती वाट सर्वांनीच धरली, सॅन अँटोनिओच्याच दप्तरात तयार झालेले सॅम प्रेस्टी 2007 मध्ये दुसऱ्या संघाचे कारभारी झाले, आणि सॅन अँटोनिओची सलग बावीस हंगाम बाद फेरी गाठण्याची परंपरा 2020 मध्ये खंडित झाली.

मुंबईची विद्याही अशीच बाहेर गेली. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने 2015-16 चा रणजी करंडक जिंकला; पुढच्या वर्षी अंतिम सामना हरल्यावर ते विदर्भाकडे गेले, आणि मुंबईतच मुरलेल्या वसीम जाफरला घेऊन विदर्भाने लागोपाठ दोन करंडक नेले; त्यानंतर ते मध्य प्रदेशाकडे गेले, आणि जून 2022 मध्ये बंगळूरच्या अंतिम सामन्यात त्या संघाने मुंबईलाच हरविले.